इलेक्ट्रिक कार परवडते का, पुरते का? पेट्रोल सोडण्याआधी नेहमी विचारले जाणारे प्रश्न

हिरव्या पाटीची गाडी दारात उभी राहिली की सोसायटीतले, ऑफिसातले, नात्यातले सगळे तेच तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. आकडे महाराष्ट्रातले आहेत आणि गाडी घरच्या वापराची धरली आहे, टॅक्सी-टुरिस्टची नाही.

आधी सरळ सांगा, घ्यावी की नाही?

पार्किंगमध्ये स्वतःचा प्लग असेल आणि महिन्याचं रनिंग हजार किलोमीटरच्या पुढे असेल, तर खुशाल घ्या. यातलं एकच असेल तर पुढचं सगळं वाचून ठरवा. दोन्ही नसेल तर पेट्रोल किंवा सीएनजी घेऊन मोकळे व्हा. शेजाऱ्याने घेतली, मुलगा मागे लागला, ही कारणं पुरेशी नाहीत.

किलोमीटरला खरंच एक रुपया पडतो?

जाहिरातीत पडतो. घरच्या मीटरवर दोनच्या आसपास धरा.

आधी पेट्रोल. मुंबई-पुण्यात लिटरचा भाव शंभरीच्या वर आहे. छोटी गाडी शहरातल्या ट्रॅफिकमध्ये १५ चं ॲव्हरेज देते, म्हणजे किलोमीटरला सुमारे ७ रुपये. आता सगळीकडे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, त्याने ॲव्हरेज जरा उतरतंच.

आता वीज. छोटी इलेक्ट्रिक कार मीटरवरच्या एका युनिटमध्ये साडेसहा किलोमीटर जाते. गाडीच्या स्क्रीनवर सात-साडेसात दिसेल, पण चार्ज होताना दहा-पंधरा टक्के वीज उष्णतेत जाते आणि तिचेही पैसे आपणच भरतो. युनिट १३ रुपयांना धरलं तर किलोमीटरला २ रुपये.

हे १३ रुपये तुमच्याकडे किती असतील ते बिल काढून पाहा. महावितरणच्या बिलावर वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वर १६ टक्के वीज शुल्क असं सगळं वेगवेगळं छापलेलं असतं. या सगळ्याची बेरीज धरायची, नुसता वीज आकार नाही. शिवाय घरचा वापर २०० युनिट असेल तर गाडीचे दीडशे त्यावर चढतात आणि शेवटचे ५० युनिट ३०० च्या वरच्या, महागड्या स्लॅबमध्ये जातात. म्हणून सरासरी दर काढू नका. गाडीचे युनिट ज्या स्लॅबमध्ये पडतील त्याचा दर लावा. गाडीसाठी वेगळं मीटरही मिळतं. त्याला घरगुती स्लॅब लागू होत नाहीत, पण त्याचा स्थिर आकार वेगळा भरावा लागतो.

मग जास्तीचे पैसे किती दिवसांत वसूल होतात?

सारख्या आकाराच्या पेट्रोल आणि इलेक्ट्रिक गाडीच्या ऑन-रोड किमतीत ३ लाखांचा फरक आहे असं धरू. किलोमीटरमागे ५ रुपये वाचले तर ६० हजार किलोमीटरला फिटंफाट. महिन्याला हजार किलोमीटर चालवणाऱ्याला पाच वर्षं लागतील. रविवारी देवदर्शन आणि अधूनमधून मंडई, असे महिन्याला ४०० किलोमीटर चालवणाऱ्याला साडेबारा वर्षं. तोवर बॅटरीची वॉरंटी संपलेली असेल.

तुलना करताना एक्स-शोरूम किंमत पाहू नका. पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात किमतीनुसार ११ ते १३ टक्के रोड टॅक्स बसतो, इलेक्ट्रिकला तो माफ आहे. दुसरीकडे, २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. इलेक्ट्रिकचा २०१९ पासून ५ टक्केच आहे. म्हणजे पेट्रोल गाडी स्वस्त झाली आणि फरक वाढला. त्याआधीचे व्हिडिओ पाहून हिशेब मांडला असेल तर पुन्हा मांडा.

सीएनजीशी तुलना का कोणी करत नाही?

कारण तिथे इलेक्ट्रिकचा तोरा उतरतो. सीएनजीचा किलोचा भाव ८५ च्या आसपास आणि ॲव्हरेज २४ धरलं तर किलोमीटरला साडेतीन रुपये. घरच्या चार्जिंगच्या तुलनेत वाचतो फक्त दीड रुपया. गाडीच्या किमतीतला फरक दोन लाख धरला तरी तो भरून निघायला सव्वा लाखाहून जास्त किलोमीटर लागतात.

पैशाच्या हिशेबात सीएनजी जिंकते, हे मान्य करून पुढे जावं. इलेक्ट्रिकच्या बाजूने उरतं ते असं: पंपावरची रांग नाही, डिकीत सिलिंडर नाही, घाटात पिकअप मरत नाही. पुण्यात सीएनजीच्या पंपावर प्रेशर नाही म्हणून अर्धा तास उभं राहिलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

सरकारी सबसिडी किती मिळते?

खासगी कारला केंद्राची थेट सबसिडी नाही. फेम-२ या आधीच्या योजनेतही नव्हती आणि त्यानंतरच्या पीएम ई-ड्राइव्हमध्येही नाही. कर्जाच्या व्याजावर दीड लाखांपर्यंत करसवलत देणारं प्राप्तिकराचं ८०ईईबी कलम ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरतं होतं. शोरूममधला मुलगा अजूनही ते सांगत असेल तर इतर गोष्टीही त्याच्याकडून लेखी घ्या.

खरी मिळणारी सवलत म्हणजे रोड टॅक्स आणि नोंदणी शुल्काची माफी, आणि थर्ड पार्टी विम्याच्या हप्त्यात १५ टक्के सूट. त्यात टोलची भर पडली. राज्याच्या २०२५ च्या धोरणात मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतूवर इलेक्ट्रिक कारना टोलमाफी आहे. द्रुतगती मार्गाचा एका बाजूचा टोल ३२० रुपये, म्हणजे जाऊन-येऊन ६४० वाचतात. दर आठवड्याला मुंबई गाठणाऱ्याच्या हिशेबात हा आकडा लहान नाही. घरी आल्यावर फास्टॅगचे मेसेज मात्र बघत जा. पैसे कापले गेले असतील तर तक्रार लगेच करा.

सोसायटी चार्जर लावू देत नाही. काय करू?

सगळ्यात जास्त गाड्या इथेच अडतात.

केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत: घरच्या किंवा ऑफिसच्या सध्याच्याच वीजजोडणीवर गाडी चार्ज करता येते, त्यासाठी वेगळा परवाना लागत नाही. पण केबल सोसायटीच्या भिंतीवरून जाते, त्यामुळे कमिटीची एनओसी लागतेच. नियमाचा कागद घेऊन एजीएममध्ये भांडायला उभे राहिलात तर विषय पुढच्या एजीएमला जातो. त्यापेक्षा वायरमनला घेऊन सेक्रेटरींना आधी भेटा आणि तीन गोष्टी कागदावर द्या: केबल मीटर रूममधून तुमच्या पार्किंगपर्यंत कुठून जाणार याचं साधं रेखाचित्र, वीज तुमच्याच मीटरवर पडणार याची हमी, आणि त्या लाइनवर स्वतंत्र एमसीबी व आरसीसीबी (भार जास्त झाला किंवा वीज गळली की लाइन आपोआप तोडणारी बटणं) बसवणार हे. बहुतेक कमिट्यांना दोनच भीती असतात, आग आणि कॉमन बिल. त्यांची उत्तरं मिळाली की विरोध निम्मा होतो.

स्टॅक पार्किंग असेल, म्हणजे गाडी लिफ्टने वर जाते अशी व्यवस्था असेल, तर प्रकरण अवघड आहे. तिथे हलत्या पाळण्यात केबल नेता येत नाही. खालचा कायमचा स्लॉट बदलून मिळतो का ते पाहा, नाहीतर बेत पुढे ढकला.

चौथ्या मजल्याच्या बाल्कनीतून एक्स्टेन्शन बोर्ड खाली सोडणारे महाभाग पाहिले आहेत. तसं करू नका. १५ अँपिअरचा प्रवाह आठ-दहा तास सलग वाहतो. साध्या बोर्डाचं प्लास्टिक वितळतं.

घरच्या साध्या प्लगवर चालतं का?

१५-१६ अँपिअरच्या, गीझरच्या प्लगवर चालतं. ३० युनिटची बॅटरी रात्री नऊला लावली तर सकाळी सात-आठला भरते. रोज ४०-५० किलोमीटर चालवणाऱ्याला रोज पूर्ण भरायची गरजच नसते, दोन-तीन तासांत काम होतं. ७.२ किलोवॅटचा चार्जर भिंतीवर लावला तर तीच बॅटरी साडेचार-पाच तासांत भरते, पण त्यासाठी बिलावरचा मंजूर भार पाहून बहुधा वाढवून घ्यावा लागतो.

खरी गोची अर्थिंगची आहे. फ्रिज, टीव्ही, गीझर अर्थिंग नसतानाही चालत राहतात, त्यामुळे घरातलं अर्थिंग गेलंय हे वर्षानुवर्षं कळत नाही. गाडीचा चार्जर मात्र आधी अर्थिंग तपासतो. ते नसलं की लाल दिवा लागतो आणि एक युनिटही आत जात नाही. गावाकडच्या घरी, जुन्या वाड्यात, लॉजवर हा लाल दिवा हमखास भेटतो. नवी गाडी बिघडली म्हणून लोक सर्व्हिस सेंटरला फोन लावतात, आणि दोष असतो अंगणातल्या गंजलेल्या अर्थिंग पाइपात. शंभर-दोनशे किलोमीटरवरच्या आजोळी मुक्कामाला जाणार असाल तर आधी तिथल्या वायरमनला पाठवा. व्होल्टेज फार पडत असेल तरी चार्जिंग मध्येच थांबतं. संध्याकाळी शेतीपंप आणि घरं एकदम चालू असताना लावण्यापेक्षा रात्री अकरानंतर लावलेलं बरं.

कंपनी सांगते ३१२ किलोमीटर. खरे किती?

जानेवारी २०२० मध्ये आलेल्या पहिल्या नेक्सॉन ईव्हीचा हा एआरएआयचा, म्हणजे गाड्या तपासून प्रमाणित करणाऱ्या संस्थेचा, आकडा, ३०.२ युनिटच्या बॅटरीवर. रस्त्यावर ती गाडी दोनशेच्या आसपास जायची. आजही ढोबळ नियम तोच आहे: जाहिरातीच्या आकड्याचे ६५ ते ७० टक्के धरा. मग त्यातून शेवटचे १५ टक्के वजा करा, कारण तेवढ्यावर कोणी शांतपणे गाडी चालवत नाही. उरतं ते तुमचं खरं अंतर.

पेट्रोल गाडीच्या उलट, इथे शहरात ॲव्हरेज जास्त मिळतं आणि हायवेला कमी. ब्रेक मारताना मोटर वीज परत बॅटरीत भरते, त्यामुळे सिग्नलचा त्रास होत नाही. वेगाचा होतो. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ८० वरून १२० ला गेलात की तो सव्वादोन पट होतो. समृद्धीवर १२० ने जाता येतं, पण छोट्या बॅटरीच्या गाडीला ते झेपत नाही. ९० ने गेलात तर चार्जिंगचा एक थांबा वाचतो आणि बऱ्याचदा तुम्ही १२० वाल्याच्या आधी पोचता.

एसी लावला तर?

एसी तासाला एक-दीड युनिट खातो, म्हणजे सात ते दहा किलोमीटर. विदर्भातल्या मे महिन्यात तो बंद ठेवायचा प्रश्नच येत नाही, तेव्हा हिशेबात धरूनच चाला.

घाट चढते का?

पेट्रोल गाडीपेक्षा छान चढते. गिअर पाडणं नाही, क्लचचा वास नाही. फक्त वीज लागते. खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंत साधारण साडेपाचशे मीटरची चढण आहे. दीड टनाची गाडी तेवढी उचलायला सव्वादोन युनिट ऊर्जा लागते, मोटरमधली गळती धरून अडीच ते तीन. म्हणजे सपाटीवर १५-१८ किलोमीटर जाणारी वीज नुसत्या उंचीवर खर्च होते. घाटाच्या पायथ्याशी स्क्रीनवर '४० किलोमीटर शिल्लक' दिसत असेल तर ते चाळीस सपाटीचे आहेत हे लक्षात ठेवा आणि वर निघण्याआधी खालापूरलाच प्लग शोधा.

उतरताना यातली निम्म्याहून जास्त वीज परत मिळते. मात्र लोणावळ्याच्या हॉटेलात १०० टक्के चार्ज करून निघालात तर बॅटरीत जागाच नसते, मोटर गाडी अडवून धरत नाही आणि सगळा भार नेहमीच्या ब्रेकवर येतो. डोंगरावर मुक्काम असेल तर ८५-९० टक्क्यांवर प्लग काढा. महाबळेश्वर, आंबोली, सगळीकडे हेच.

लांबच्या प्रवासात चार्जर मिळतात का?

मुंबई-पुणे, पुणे-कोल्हापूर, मुंबई-नाशिक या रस्त्यांवर मिळतात. फूड मॉल, मोठी हॉटेलं, पेट्रोल पंप. कोकणात आणि मराठवाड्याच्या आतल्या भागात तालुक्याच्या गावीही मिळतीलच असं नाही.

चार्जर 'आहे' आणि चार्जर 'चालतो' यात फरक आहे. ॲपवर हिरवा ठिपका दिसतो, तिथे पोचल्यावर कळतं की स्क्रीन बंद आहे, किंवा गनसमोर डिझेल एसयूव्ही लावून मालक मिसळ खायला गेलेत. म्हणून निघण्याआधी ॲपवर त्या चार्जरवर शेवटचं चार्जिंग कधी झालं ते पाहा, जमल्यास तिथे फोन करा, आणि बॅटरीत पुढच्या चार्जरपर्यंत पोचण्याइतकी वीज ठेवूनच थांबा घ्या. प्रत्येक कंपनीचं ॲप आणि वॉलेट वेगळं. दोन-तीन ॲपमध्ये दोनशे-तीनशे रुपये आधीच भरून ठेवा, कारण घाटात मोबाइलला रेंज नसताना ओटीपी येत नाही. ६० किलोवॅटच्या चार्जरवर दोन गाड्या लागल्या की वीज वाटली जाते, तेव्हा शेजारी कोणी असेल तर वेळ दुप्पट धरा.

बाहेरच्या फास्ट चार्जरचा दर युनिटला २० रुपयांच्या आगेमागे आहे. हायवेचं साडेपाचचं ॲव्हरेज धरलं तर किलोमीटरला साडेतीन रुपयांहून थोडे जास्तच. घरी प्लग नाही आणि कायम बाहेरच चार्ज करणार, असं म्हणणाऱ्याने हा आकडा सीएनजीच्या साडेतीन रुपयांच्या शेजारी लिहून पाहावा.

आठ वर्षांनी बॅटरी बदलायला निम्म्या गाडीचे पैसे लागतील ना?

बॅटरी आठव्या वर्षी बंद पडत नाही, हळूहळू तिची क्षमता उतरते. सर्वसाधारण वॉरंटी ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची असते आणि क्षमता ठरलेल्या टक्क्यांखाली गेली तर कंपनी जबाबदार, असं त्यात लिहिलेलं असतं. तो टक्का किती ते वाचा. 'आजीवन' वॉरंटी असेल तर आजीवन म्हणजे किती वर्षं आणि दुसऱ्या मालकाला ती लागू आहे का, हेही वाचा. पॅकमधलं एखादं मॉड्यूल बिघडलं तर बऱ्याचदा तेवढंच बदलतात.

एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची बॅटरी उन्हाला आणि रोजच्या चार्जिंगला जास्त सोशिक असते. आपल्याकडच्या हवेला तीच बरी. तिचा टक्क्यांचा अंदाज चुकू नये म्हणून अधूनमधून १०० पर्यंत भरायची.

मला विचाराल तर बॅटरीपेक्षा रिसेलची काळजी जास्त करावी. दर वर्षी जास्त रेंजचं नवं मॉडेल येतं आणि जुन्याचा भाव पडतो. दर चार वर्षांनी गाडी बदलणाऱ्याला इलेक्ट्रिक महागच पडणार.

सर्व्हिसिंगला खर्च नाही, हे खरं?

ऑइल नाही, फिल्टर नाहीत, क्लच प्लेट नाही, ब्रेक पॅड पेट्रोल गाडीच्या दुप्पट टिकतात. टायर मात्र लवकर झिजतात, कारण गाडी जड आणि पिकअप झणझणीत. आणि बॉनेटखाली तीच जुनी १२ व्होल्टची बॅटरी असते. ती बसली तर मोठी बॅटरी ८० टक्के भरलेली असूनही गाडी चालू होत नाही, कधीकधी दारही उघडत नाही. तिसऱ्या-चौथ्या वर्षी ती न विचारता बदलून टाका.

पावसात शॉक बसेल का? पेटते म्हणतात...

चार्जिंग गन आणि गाडी एकमेकींशी आधी 'बोलतात', जोड पक्का असल्याशिवाय वीज सोडत नाहीत. पावसात चार्ज करता येतं. मात्र बेसमेंटमध्ये पाणी शिरलं आणि गाडी त्यात उभी राहिली, जसं जुलै २०२४ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याकडे झालं, तर पाणी ओसरल्यावर ती चालू करून बघू नका आणि प्लगही लावू नका. फ्लॅटबेड ट्रकवर चढवून थेट सर्व्हिस सेंटरला न्या.

आगीचं म्हणाल, तर २०२२ च्या उन्हाळ्यात पेटल्याचे जे व्हिडिओ फिरले त्यातले बहुतेक स्कूटरचे होते. त्यानंतर बॅटरीचे सुरक्षा नियम कडक झाले. आग पेट्रोल गाडीलाही लागते. लिथियमची आग विझवायला मात्र फार पाणी आणि वेळ लागतो. बाहेरच्या गॅरेजवाल्याकडून मोठ्या बॅटरीच्या वायरला हात लावू देऊ नका, एवढी पथ्यं पाळा.

वीज कोळशाचीच ना? मग प्रदूषण कुठे कमी झालं?

पुण्यातला धूर थोडाफार चंद्रपूरला पाठवला, हा आरोप खोटा नाही. तरी गणित करून पाहू. आपल्या ग्रिडच्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे साडेसहा किलोमीटरच्या हिशेबाने किलोमीटरला ११० ग्रॅम. एक लिटर पेट्रोल जळून २.३ किलो निघतो. १५ च्या ॲव्हरेजने किलोमीटरला दीडशे ग्रॅम. फरक आहे, पण जाहिरातीतल्या हिरव्या पानाइतका नाही, आणि बॅटरी बनवताना झालेलं प्रदूषण भरून काढायला आधी बरेच किलोमीटर जातात. चौकात उभ्या असलेल्या ट्रॅफिक हवालदाराच्या नाकाशी मात्र धूर येत नाही, तो फायदा पहिल्या दिवसापासूनचा.

छतावर सोलर असेल तर चित्र पालटतं. ३ किलोवॅटचं पॅनल दिवसाला बाराएक युनिट देतं, म्हणजे ७० किलोमीटरहून जास्त. पीएम सूर्यघर योजनेत त्याला ७८ हजारांपर्यंत अनुदान आहे. बंगलेवाल्यांनी आधी सोलर आणि मग गाडी असा क्रम ठेवावा.

बाबा सत्तरीचे आहेत, त्यांना जमेल?

क्लच-गिअर नसल्याने गुडघ्यांना आराम पडतो. पण पिकअप एकदम अंगावर येतो, म्हणून गाडी कायम इको मोडवर ठेवून द्या. आवाज नसल्याने गल्लीतली माणसं आणि कुत्री बाजूला होत नाहीत, हॉर्न जास्त वाजवावा लागेल.

घरात एकच गाडी आहे, तीच इलेक्ट्रिक घेऊ?

रोजचं शहर आणि वर्षातून दोनदा गाव, असं असेल तर घ्या. गणपतीत कोकणात जाताना मात्र महामार्गावरचे मोजके चार्जर आणि त्यावरची रांग गृहीत धरा, नाहीतर त्या चार दिवसांसाठी भाड्याने गाडी करा. वर्षभराच्या बचतीतून तिचं भाडं सहज निघतं. फिरतीची नोकरी असेल, आज परभणी तर उद्या गडचिरोली, तर अजून तरी नको.

सेकंड-हँड स्वस्तात मिळते आहे. घेऊ?

नव्या गाडीतला दोन-तीन लाखांचा फरक तिथे नाहीसा होतो, त्यामुळे शहरातल्या शहरात फिरणाऱ्याला हा सौदा नव्या गाडीपेक्षाही चांगला ठरू शकतो. अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून बॅटरीच्या आरोग्याचा रिपोर्ट मागा. वॉरंटी तुमच्या नावावर येते का ते लेखी घ्या. चार्जिंगचं सॉकेट सीसीएस-२, म्हणजे आजच्या फास्ट चार्जरना बसणारं, आहे ना ते पाहा. सुरुवातीच्या काही गाड्यांना वेगळं सॉकेट होतं आणि त्यांना आजचे बहुतेक फास्ट चार्जर चालत नाहीत. मग गाडी १०० टक्के भरून घ्या, एसी लावा आणि मालकाला शेजारी बसवून शहरात ५० किलोमीटर चालवा. ३० युनिटच्या बॅटरीत २५ ते ३० टक्के उतरले तर भावाचं बोला. चाळीस उतरले तर चहा पिऊन निघा.